घरी सांगायचं ठरल्यावर: ट्रान्स मुलामुलींसाठी काही कामाच्या गोष्टी

आपण ट्रान्स आहोत, म्हणजे जन्मल्यावर मुलगा किंवा मुलगी म्हणून झालेली नोंद आपल्याला लागू पडत नाही, हे घरी सांगायचं ठरलं की बहुतेक जण आधी वाक्यं जुळवायला बसतात. वाक्यांचं नंतर बघू. आधी तुमच्या आधारला कुणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे ते बघा. शाळेत असताना आधार काढलेलं असेल तर तो नंबर बहुधा वडिलांचा असतो, आणि मग बँक, डिजिलॉकर, परीक्षेचा फॉर्म, सगळ्याचे ओटीपी त्यांच्याच फोनवर जाऊन पडतात. घरात सगळं सुरळीत असताना आधार केंद्रावर जाऊन हा नंबर बदलायला अर्धा दिवस पुरतो आणि कुणी का म्हणून विचारत नाही. घर बिघडल्यावर हेच काम आठवडेच्या आठवडे अडतं.

आम्ही स्वतः घरी सांगून झालेले, आणि नंतर इतरांच्या घरी सोबत म्हणून गेलेले लोक आहोत. कुणाच्या घरात काय झालं ते इथे येणार नाही, ते त्या त्या घरांकडेच राहू दे. कुठे काय अडतं, एवढंच सांगायचं आहे.

कागदपत्रांपासून सुरुवात करू. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डोमिसाइल, पॅन, पासबुक. मूळ प्रती कपाटातून गायब केल्या तर लगेच कळतं, म्हणून आधी सगळ्याचे स्कॅन काढून घरात कुणाला उघडता येणार नाही अशा ईमेलवर ठेवा. मूळ प्रती 'कॉलेजात मागितल्यात' म्हणून हळूहळू स्वतःकडे घ्या. राखीव प्रवर्गातले असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम सांगण्याआधी मार्गी लावा. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, काका किंवा चुलतभावाचं वैधता प्रमाणपत्र, म्हणजे सगळे वडिलांकडच्या बाजूचे कागद लागतात. तिथे अबोला झाला की प्रवेश आणि नोकरी दोन्ही लटकतात. हे कुणी आधी सांगत नाही.

पैशाचं गणित सोपं आहे. जिथे जाऊन राहाल तिथलं डिपॉझिट, तीन महिन्यांचं भाडं आणि जेवण. पुण्या-मुंबईत कॉट बेसिसवर राहिलात तर डिपॉझिट कमी लागतं आणि सामानही दोन बॅगांत मावतं. खातं लहानपणी उघडलेलं असेल आणि त्यावर आई किंवा वडील पालक म्हणून असतील, तर अठरा पूर्ण झाल्यावर ते फक्त स्वतःच्या नावावर करून घ्या किंवा दुसऱ्या बँकेत नवं उघडा. एवढी तयारी करूनही बहुतेकांना घर सोडावं लागत नाही. पण जाता येतं हे माहीत असलेला माणूस घरात बोलताना आवाज चढवत नाही, आणि पहिल्या संध्याकाळी त्याचाच उपयोग होतो.

अठरा पूर्ण नसतील आणि घरात मारहाण होत असेल, किंवा शिक्षण बंद करतील अशी धास्ती असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: थांबा. शाळा-कॉलेजातल्या समुपदेशकाशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जिवावर बेतलं तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

आता आधी कुणाला. सगळ्यांच्या मनात पहिली आई येते. आईला आधी सांगायला हरकत नाही, पण त्यासोबत 'बाबांना सांगू नकोस' हे जोडू नका. तीन-चार महिन्यांनी वडिलांना कळतं तेव्हा त्यांचा पहिला राग तुमच्यावर निघत नाही. 'तुला माहीत होतं आणि तू लपवलंस' असा तो तिच्यावर निघतो. मग ती स्वतःला वाचवण्यासाठी तुमच्या विरोधात उभी राहते, आणि तिथून तिला परत आणायला फार वेळ जातो. आईला आधी सांगायचंच असेल तर मुदत घाला: 'गणपती झाल्यावर बाबांना मीच सांगेन, तोवर तू बोलू नकोस.' ओझं तिच्याकडे किती दिवस आहे हे तिला कळलं पाहिजे.

आम्हाला दुसरी वाट जास्त पटते. घरात भांडण झाल्यावर वडील कुणासमोर आवाज खाली आणतात ते आठवा. कधी ती थोरली बहीण असते, कधी आत्या, कधी गावाकडचे चुलते, कधी मावशीचे यजमान. ज्याच्याशी आपलं सगळ्यात जास्त जमतं असा मामेभाऊ इथे फारसा कामाचा नाही, त्याचं घरात वजन नसतं. वजनदार माणसाला आधी सांगायचं आणि एकच मागणी करायची: मी आईबाबांशी बोलेन त्या दिवशी तुम्ही घरी किंवा फोनवर असा. तुमच्या वतीनं त्यांना बोलायला लावू नका. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली गोष्ट आईबाप 'कुणीतरी भरवलंय' या खात्यात टाकतात.

अंदाज घ्यायचा असेल तर टीव्हीवर तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत दिसल्या की विषय काढून बघा. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणाऱ्या २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामागच्या याचिकाकर्त्यांपैकी त्या एक, आणि २०१९ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात निवडणूक आयोगाच्या सदिच्छादूत होत्या. कुणी 'धीराची बाई आहे' म्हणतं, कुणी चॅनेल बदलतं. मात्र यावर अर्धाच भरवसा ठेवा. परक्याबद्दल उदार असलेली माणसं पोटच्या पोराबाबत तशीच असतात असं नाही, आणि उलटही तितकंच खरं आहे.

वेळ सकाळची, शक्यतो शनिवारची. रात्री दहाला सांगितलं की कुणी झोपत नाही, आणि पहाटे तीनला बोललेली वाक्यं वर्षानुवर्षं पुरतात. सणाला नको, कारण पाहुणे असतात आणि पुढे प्रत्येक दिवाळीला तीच आठवण निघते. भांडणाच्या भरात तर मुळीच नको. तेव्हा सांगितलेलं सगळं 'आम्हाला दुखवायला बोलतोय' असं ऐकलं जातं. मामाच्या घरी, हॉटेलात, गाडीत नको. स्वतःच्या घरात माणसाला उठून आतल्या खोलीत जाता येतं, आणि आईवडिलांना ती सोय लागते. एखादा मित्र किंवा मैत्रीण जवळपास असावी, फोन चार्ज असावा, आणि दुपारनंतर तीन-चार तास घराबाहेर पडायला खरं कारण असावं.

बोलणं पाच मिनिटांच्या आत संपवा. शरीरानं मुलगा म्हणून जन्मलेल्यांसाठी साधारण असं: 'आई, बाबा, एक महत्त्वाचं सांगायचंय. मला मुलगा म्हणतात, पण आतून मी मुलगी आहे. हे लहानपणापासून आहे. तुमचं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही, आणि कुणी शिकवलेलंही नाही. माझं शिक्षण, नोकरी, तुमच्याशी नातं, सगळं आहे तसंच राहणार आहे. आज मला तुमच्याकडून फक्त एवढंच हवंय की हे दुसऱ्या कुणाला लगेच सांगू नका.' मुलगी म्हणून वाढलेल्यांनी यात एक वाक्य घालावं: 'मला मुली आवडतात का हा वेगळा प्रश्न आहे, मी स्वतः कोण आहे ते सांगतोय.' ट्रान्स पुरुष म्हणजे काय याचं चित्रच बहुतेक घरांत नसतं. मुलगी 'टॉमबॉय' आहे किंवा प्रेमप्रकरण आहे असं समजून लोक मोकळे होतात, आणि लगेच स्थळं बघायला लागतात.

तोंडानं जमत नसेल तर हातानं लिहिलेलं एक पान, मराठीत. ते त्यांच्या हातात द्या आणि वाचेपर्यंत तिथेच बसा. व्हॉट्सॲपवर नको. तो मेसेज तासाभरात मामाकडे, मग मामीकडे, मग कुणाकुणाकडे जातो आणि परत आणता येत नाही.

हार्मोन, ऑपरेशन, नवं नाव, कागदपत्रांतला बदल, हे पहिल्या दिवशी काढू नका. ऑपरेशन हा शब्द कानावर पडला की पुढचं मागचं काहीच ऐकू येत नाही. त्यांनी विचारलंच तर खरं सांगा, पण आखूड: 'त्याचा निर्णय आज होत नाहीये. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही करणार नाही.' आणि आधीच घरी कळेल अशा वस्तू सांभाळा. दोरीवर वाळत घातलेला बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा), सॅकच्या कप्प्यातल्या गोळ्या, दुसऱ्या नावाचं इन्स्टाग्राम खातं चुलतबहिणीला सुचवलं जाणं, यांतून कळलं की सगळी चर्चा 'लपवलंस का' यावर जाते आणि मुद्द्यावर येतच नाही.

पहिल्या उत्तराचं फार मनाला लावून घेऊ नका. घरोघरी ते जवळपास तेच असतं. 'लोक काय म्हणतील.' 'सिग्नलवर टाळ्या वाजवत उभं राहायचंय का?' 'आम्ही गेल्यावर अग्नी कोण देणार?' 'बहिणीला स्थळं कशी येतील?' यातल्या दुसऱ्या प्रश्नामागची भीती अगदी खरी आहे. त्यांनी तृतीयपंथी माणसं पाहिली आहेत ती रेल्वेत आणि दुकानांसमोर. घरानं बाहेर काढल्यावर जे आयुष्य वाट्याला येतं तेच त्यांना दिसलेलं असतं. त्यावर हक्कांचं भाषण चालत नाही. 'सोमवारी मी नेहमीच्याच बसनं नेहमीच्याच ऑफिसला जाणार आहे' हे वाक्य जास्त काम करतं.

पहिल्या दिवशी कायद्याचं नाव काढू नका असंही आम्ही सांगतो. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यात कुटुंबासोबत त्याच घरात राहण्याचा हक्क आहे आणि घराबाहेर काढणाऱ्याला शिक्षाही आहे. ते तुम्हाला माहीत असू द्या. पण 'कलम बारा' म्हटलं की वडिलांच्या लेखी तुम्ही मूल राहत नाही, वादी होता.

दोन-चार दिवसांत डॉक्टरचा विषय येतो. इथे नाही म्हणण्यापेक्षा डॉक्टर तुम्ही सुचवा. आधी एकट्यानं जाऊन त्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटून घ्या आणि थेट विचारा: 'तुम्ही हे बदलायचा प्रयत्न करता का?' उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरे शोधा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढलेलं आहे. आणि 'सरळ करून देतो' छापाचे उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरतं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलेलं आहे. घरच्यांना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. तुम्ही सांगितलं तर ते गुगलवरचं ज्ञान होतं.

रक्ततपासणीबद्दल मात्र आधीच बोलून ठेवा. घरचे टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, सोनोग्राफी सगळं करायला लावतात, आणि रिपोर्ट बहुधा नॉर्मल येतात. मग 'बघ, काही नाही, विषय संपला' असा निकाल लागतो. म्हणून जाण्याआधीच सांगायचं: 'रिपोर्ट नॉर्मलच येतील. हे रक्तात दिसत नाही.' आणि कुणी 'कमी पडतंय ते भरून काढू' म्हणत इंजेक्शन द्यायला लागलं, तर औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय दंड पुढे करू नका.

काही घरांत डॉक्टरच्या आधी देवरुषी येतो. 'बाहेरचं झालंय' असं ठरतं. कुलदैवताला जाणं, अंगारा, नारळ उतरवणं एवढ्यावर भागत असेल तर आमच्या मते वाद घालू नये. आजीला तेवढं केल्याचं समाधान मिळतं आणि तुमचं काही जात नाही. पण मारहाण, धुरी, उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं सुरू झालं तर तिथे थांबायचं नाही. भूत उतरवण्याच्या नावाखालची मारहाण हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. ११२ ला फोन करा.

घर सोडायची वेळ आलीच तर चिठ्ठी ठेवून निघून जाऊ नका. घरचे पोलिसांत 'मिसिंग' नोंदवतात. मुलगी म्हणून नोंद असलेल्या सज्ञान ट्रान्स मुलांच्या बाबतीत तर ज्याच्याकडे राहायला गेलात त्याच्यावरच पळवून नेल्याची तक्रार होते. त्यामुळे दोन ओळींचा अर्ज: माझं वय इतकं, मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं घर सोडलं आहे, मी सुरक्षित आहे, घरच्यांना माझा पत्ता देऊ नये. सोबत वयाचा पुरावा. एक प्रत घराजवळच्या पोलीस ठाण्याला, एक नव्या ठिकाणच्या ठाण्याला, स्पीड पोस्टानं पोचपावतीसह. प्रत्यक्ष गेलात तर आपल्या प्रतीवर शिक्का घ्या आणि शक्यतो वकील सोबत न्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, त्यांचा क्रमांक १५१००. मुंबईत हमसफर ट्रस्ट, पुण्यात समपथिक ट्रस्ट ही जुनी नावं आहेत. आईवडिलांना बोलायला 'स्वीकार' हा पालकांचाच गट आहे. आपल्या मुलाबद्दल दुसऱ्या आईशी बोलता येणं, हे आपण दिलेल्या दहा व्हिडिओंपेक्षा उपयोगाचं ठरतं, एवढं आम्ही खात्रीनं सांगू शकतो.

बहुतेक घरांत मात्र इतकं टोक गाठलं जात नाही. तिथे अबोला येतो. ताट वाढलेलं असतं, पाणी ठेवलेलं असतं, बोलत कुणी नसतं. या काळात रोजची कामं चुकवू नका. दूध आणा, लाइट बिल भरा, आजोबांना दवाखान्यात न्या. दोनेक आठवडे विषय आपणहून काढायचा नाही. त्यानंतर एका वेळी एकच मागणी, आणि तीही लहान. सांगणं बिघडतं ते बहुधा इथेच. मनातलं बोलून मोकळं झालो की काम झालं असं वाटतं, आणि आता त्यांनी नेमकं काय करायचं हे आपणच ठरवलेलं नसतं. 'मला समजून घ्या' यावर आई काय करणार? 'बाहेरच्यांसमोर मला पूर्ण नावानं हाक मारू नकोस, बाळा म्हण' हे तिला उद्यापासून करता येतं.

मराठीत ही मागणी जरा अवघडच आहे. इंग्रजीत बोलणाऱ्या घरात 'आय' कुणालाही चालतो. आपल्याकडे 'मी येतो' की 'मी येते' हे दारातून बाहेर पडतानाच ठरवावं लागतं. मधल्या काळात भाषेनंच ठेवलेल्या वाटा वापराव्यात. 'येतो'ऐवजी 'येईन'. 'मी जेवलो'ऐवजी 'माझं जेवण झालं'. 'मी म्हणालो'ऐवजी 'मी म्हटलं'. 'मी चहा घेतला', 'मी आंघोळ केली', 'मला निघायचंय' यांत लिंग कुठेच दिसत नाही. घरच्यांनाही तसंच सुचवा: 'जेवलास का'ऐवजी 'जेवण झालं का', 'कधी येतेस'ऐवजी 'कधी येशील'. काही महिने घर अशा वाक्यांवर बिनबोभाट चालतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या ट्रान्स मुलांची यात एक सोय आहे. तिकडे बायकाही 'मी आलो, मी जातो' म्हणतात, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात येत नाही.

बदलाचा क्रम बहुधा असा असतो: आधी लाडाची हाक, मग नाव, मग ताई-दादा, आणि सगळ्यात शेवटी क्रियापदं. लहान भाचरं आठवड्यात शिकतात. वडिलांना वर्ष लागू शकतं. चुकलं की भाषण देऊ नका, बरोबर रूप एकदा म्हणा आणि पुढे चला. पाहुण्यांसमोर दुरुस्ती करू नका. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून खपवून घेऊ नका. 'लेकरू', 'पोर' मायेनं म्हटलेलं वेगळं, पण मोठ्या माणसाबद्दल 'ते आलं, ते गेलं' असं कुणी मुद्दाम म्हणायला लागलं तर तिथल्या तिथे थांबवा.

नावाबद्दल एक सुचवणं. मधलं नाव वडिलांचं आणि आडनाव घरचं, ते बहुतेक जण तसंच ठेवतात, त्यामुळे प्रश्न पहिल्या नावापुरता उरतो. तुम्ही ठरवून टाकलं नसेल तर दोन-तीन नावं काढून आईला किंवा आत्याला त्यातलं एक निवडायला सांगा. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचाच असतो, आणि तिनं ठेवलेलं नाव भावाला नाकारणं जड जातं. कागदोपत्री बदल राजपत्रातून होतो. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या तृतीयपंथी ओळख प्रमाणपत्राची वाट वेगळी आहे. त्याचे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्जाच्या वेळी काय लागू आहे ते वकिलाला विचारा. अर्जात घरचा पत्ता घातला की टपाल घरी येतं, हे ध्यानात असू द्या.

नातेवाइकांत कुणाला कळलेलं चालेल याची यादी आईसोबत बसून करा. राहिलेल्यांसाठी तिला एक वाक्य द्या: 'बरं चाललंय, नोकरी चालू आहे.' 'बहिणीचं लग्न होईपर्यंत थांब' असं घरचे म्हणाले तर थांबायला हरकत नाही, पण प्रसंगावर नको, तारखेवर. प्रसंग संपत नाहीत. बहिणीचं लग्न, मग डोहाळजेवण, मग बारसं, मग धाकट्याची बारावी. आणि त्या लग्नात तुमचं काम काय हे बहिणीशी किंवा भावाशी आधीच ठरवा. कानपिळीला कोण उभं राहणार, करवली म्हणून मागे कोण, फोटोत काय घालायचं. पत्रिकेत भावंडांच्या यादीत नाव कुठलं आणि कुठल्या ओळीत येणार, हे प्रेसवाल्यानं पाठवलेलं प्रूफ स्वतः पाहून मग होकार द्या.